नमुन्यातली बाई

“पिन भोकात घाल, दाब आणि दहा आकडे मोज. आई, दहा म्हणजे दहा. मध्येच सोडलंस तर पुन्हा पहिल्यापासून.”

मुलाने हे मला निघताना दारात सांगितलं, मग जिन्यात सांगितलं आणि मग खाली रस्त्यावरून मान वर करून सांगितलं. त्याच दमात पुढचंही सांगून गेला. “दोनदा बंद पाडलात कॅमेरा. तिसऱ्यांदा पडला तर मी काही ऐकून घेणार नाही. आत्यालाच पाठवतो तुमच्याकडे राहायला.”

घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. मी साठीला टेकलेली, त्या चौऱ्याऐंशीच्या. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी. आम्ही धड आहोत ना, हे तो रोज दुपारी एक वाजता जेवणाच्या सुट्टीत कॅमेऱ्यातून बघतो. कॅमेरा बैठकीच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटावर बसवलेला आहे. गोल डोकं, बारीक मान, पोटाशी एक दिवा. हिरवा असला की सगळं ठीक.

त्याची आत्या म्हणजे माझी नणंद, सासूबाईंची एकुलती एक लेक. शाळेत पस्तीस वर्षं कवायत शिकवली. शाळेतून निवृत्त झाली, पण शिट्टी निवृत्त झाली नाही. गेल्या वर्षी चार महिने राहून गेली. पहाटे साडेपाचला शिट्टी, मग हात वर, हात खाली. सासूबाईंची मऊ खुर्ची तिने माळ्यावर टाकली, कारण मऊ खुर्चीत माणूस विरघळतो म्हणे. चहात साखर चमच्याने नाही, चमच्याच्या टोकाने. मी तिला भिते यात नवल नाही, नणंद आहे. पण सासूबाई माझ्या दुप्पट भितात आणि ती त्यांच्या पोटची आहे.

कॅमेरा पहिल्यांदा बंद पडला तो टोपीमुळे. नातू त्यातून बोलतो म्हणून सासूबाईंनी त्याला नातवासारखंच धरलं होतं. थंडी पडली तशी त्यांनी त्याच्या मापाची लोकरीची टोपी विणली, कानपट्ट्यांसकट. दोन दिवसांत तो आतून तापला आणि डोळे मिटून बसला. दुसऱ्यांदा त्यांनी त्याची तार काढून तिथे गरम पाण्याची पिशवी लावली. ती विजेवर तापणारी पिशवी होती आणि त्यांचे गुडघे दुखत होते, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही.

तिसऱ्यांदा मात्र चूक माझी.

रोज सकाळी एक अध्याय वाचायचा, पुढचं पान चाळायचं नाही आणि दिवसभरात खोटं बोलायचं नाही, असे माझे साधे नेम आहेत. वाचायला बसते ती कपाटासमोरच, उजेड तिथे चांगला. पण कुणी बघत असताना हात जोडले की ते हात त्या बघणाऱ्याला जोडल्यासारखे वाटतात. म्हणून वाचन होईपर्यंत मी कॅमेऱ्याचं तोंड हळूच भिंतीकडे फिरवून ठेवायची. त्या दिवशी फिरवलं आणि मानेतून ‘कट्’ असा आवाज आला. वाचन संपल्यावर परत फिरवायला गेले, तर दिवा लाल. लुकलुकत होता.

घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.

“आई,” मी सासूबाईंना हाक मारली, “कॅमेरा गेला.”

त्या विणत होत्या. सुया थांबल्या. “कुठे गेला?”

“आहे तिथेच आहे. पण गेला.”

“मी हात लावला नाही हं,” त्या लगेच म्हणाल्या. “सकाळपासून मी या खुर्चीतून उठलेसुद्धा नाही.”

“तुम्ही नाही. मीच मान फिरवली.”

त्यांनी माझ्याकडे इतक्या प्रेमाने कधी पाहिलं नव्हतं. “तू? चला, एकदा तरी मी सुटले.” मग त्यांना शिट्टी आठवली असावी, कारण चेहरा उतरला. “सूनबाई, एकच्या आत उठव त्याला. काहीही कर.”

आधी तार काढली, तीस आकडे मोजले, पुन्हा लावली. कॅमेऱ्याने मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, भिंतीला डोकं टेकलं आणि पुन्हा लाल झाला. म्हणजे पिनच. पिन काही सापडेना. शेवटी सासूबाईंनी आपली सर्वांत बारीक विणायची सुई दिली, “ही माझ्या सासूबाईंची आहे, वाकवू नकोस,” असं बजावून.

मी स्टुलावर चढले, कॅमेरा उलटा धरला, सुई भोकात घालून दाबली. “मोजा आई.”

“एक सुलट,” त्यांनी सुरुवात केली. “एक उलट. दोन सुलट. दोन उलट.”

“आई, नुसतं मोजा.”

“साठ वर्षं हातात सुई असताना मी अशीच मोजते. तू मध्ये बोललीस, आता टाका सुटला. एक सुलट.”

त्या हिशेबाने दहा व्हायला बराच वेळ लागला. माझा अंगठा बधिर झाला. पण दहा उलट झाले आणि कॅमेरा एकदम बोलला. बाईचा आवाज, खणखणीत. “कॅमेरा जोडणीसाठी तयार आहे.”

“आम्हीही तयार आहोत,” सासूबाई अदबीने म्हणाल्या.

आता जोडायला फोन हवा. माझा फोन बटणांचा, साधा. सासूबाईंचा काचेचा मोठा, लेकीने नवा घेतल्यावर जुना यांना दिलेला. त्या त्यावर फक्त विणकामाचे नमुने बघतात. मी शोधलं तर कॅमेऱ्याचं ॲप त्यात आधीपासूनच होतं.

“बघा, तुमच्या नातवाने टाकून ठेवलंय,” मी म्हणाले.

“हुशार आहे तो. माझ्यावर गेलाय.”

ॲप उघडलं. त्यात एक चौकट आधीच होती आणि तिच्यात एका बाल्कनीचं चित्र. दहा कुंड्या, सगळ्या एका ओळीत, उंचीप्रमाणे लावलेल्या.

“हे काय?”

“नमुना असेल,” मी म्हणाले. “कॅमेरा जोडल्यावर कसं दिसतं, ते दाखवायला कंपनीने दिलेला.”

“छान आहे गं. अगदी शाळेच्या रांगेसारख्या लावल्यात कुंड्या.”

पुढे ॲपने वायफायचा परवलीचा शब्द मागितला. तो मुलाने चिठ्ठीवर लिहून माझ्याच पोथीत ठेवला होता, म्हणजे हरवणार नाही. पण ठेवला तो एकतिसाव्या अध्यायात. मी एकोणिसाव्यावर होते.

“मग उघड की,” सासूबाई म्हणाल्या.

“पुढचं पान चाळायचं नाही, आई.”

“वाचू नकोस. नुसतं उघड.”

“उघडलं की डोळा जातोच.”

“बारा दिवस थांबायचं का मग? तोवर माझी लेक येऊन आपल्याला गच्चीवर पळवेल.” त्यांनी हात पुढे केला. “आण इकडे. माझा कुठलाही नेम नाही. तू तोंड फिरव.”

मी कॅमेऱ्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे पानं सळसळली. मग सळसळ थांबली.

“सापडली का?”

“सापडली.” आवाज बदलला होता. “मी नाही वाचणार. अपमान आहे हा.”

चिठ्ठी मी हातात घेतली. इंग्रजी अक्षरांत, मध्ये कुठेही जागा न सोडता, ‘आजी हात लावू नकोस’ असं लिहिलं होतं आणि शेवटी एक-दोन-तीन.

“टोपी घातली त्याच्या कॅमेऱ्याला, ती मायेने घातली,” सासूबाई म्हणाल्या. “आणि याने ते कुलपावर लिहून ठेवलं.” पण बारा वाजून गेले होते, म्हणून रुसवा आवरता घेऊन त्यांनीच एकेक अक्षर दाबलं, प्रत्येक अक्षराला नातवाला काही ना काही ऐकवत. फोनवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आला, तो मी कॅमेऱ्यासमोर धरला. कॅमेऱ्याने ‘टुणुक’ केलं. दिवा हिरवा.

आम्ही दोघी खाली बसलो. फोनमध्ये आता दोन चौकटी होत्या. वरच्या चौकटीत नमुन्याची बाल्कनी, खालच्या चौकटीत आम्ही.

“सुटलो,” सासूबाईंनी पाय लांब केले. “खरं सांगू? चोर परवडला. तो एकदाच येईल आणि नेऊन नेऊन काय नेईल, तर ती पितळी घागर. ही आली की चार महिने हलत नाही. मी जन्म दिला, मी चालायला शिकवलं आणि आता ती मला सांगते, पाऊल असं टाक.”

“आई, असं बोलू नये.”

“बोलते कुठे? तुला सांगतेय.” त्या फोनकडे बघत होत्या. “अगं, नमुन्यात बाई पण आहे.”

खरंच होती. पाठमोरी, पांढऱ्या बुटांतली, कुंड्यांसमोर उभी राहून पायाचे अंगठे धरत होती. गुडघे न वाकवता.

“कंपनी पगार देत असेल,” मी म्हणाले.

“देऊ दे. पण वाकते कशी बघ. हुबेहूब माझ्या लेकीसारखी.” त्या थोडा वेळ कौतुकाने बघत राहिल्या. “ही एक जगात पुरे होती, कंपनीने दुसरी कुठून आणली?”

नमुन्यातली बाई सरळ झाली. तिने खिशातून फोन काढला, त्यात पाहिलं आणि तशीच उभी राहिली. मग आमच्या कपाटावरून आवाज आला.

“आई, मी ऐकतेय.”

सासूबाईंनी हातातलं विणकाम कॅमेऱ्यावर फेकलं. नेम बरोबर बसला.

“अंधार झाला तरी ऐकू येतं,” आवाज म्हणाला. “माझ्या जुन्या फोनवरून जोडलात ना? त्यात माझंच खातं आहे. नवीन कॅमेरा जोडला गेला, असा निरोप आला मला. बघते तर तुम्ही दोघी.”

सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला खुणावलं, जणू आम्ही घरातच नव्हतो.

“वहिनी,” नणंद म्हणाली. आवाजात नेहमीचा हुकूम नव्हता. “आई बोलेल ते बोलेल. तुम्ही खोटं बोलत नाही. मी आलेली तुम्हाला नको असते का?”

मी विणकाम कॅमेऱ्यावरून काढलं. लोकरीआड लपून उत्तर द्यायचं हे काही बरं नव्हे.

“ताई, तुम्ही आलात की आम्ही दोघी फार दमतो,” मी म्हणाले. “चहा गोड लागत नाही. तुमची शिट्टी वाजली की माझ्या हातून काहीतरी पडतंच. आणि मागच्या वर्षी तुम्ही गेलात त्या आठवड्यात आई एकट्या जिना चढून गच्चीवर गेल्या होत्या. आता पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर. तेही आज सकाळपासून नाही. हे सगळं खरं आहे.”

“घरभेदी,” सासूबाई पुटपुटल्या.

बाल्कनीतली बाई एका कुंडीच्या काठावर टेकली. तिला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. “मला काय हौस आहे का गं, आई? माझं घर सोडून तुझ्याकडे चार महिने राहायची? झाडं अर्धी मेली होती परत आले तेव्हा, म्हणून तर बाल्कनीत कॅमेरा बसवला. तू पडलीस तर उचलायला वहिनी एकट्या. त्यांची कंबर ही अशी.”

लोकरीचा गुंडा घरंगळत कपाटाखाली गेला, सासूबाई तिकडे बघत राहिल्या.

“दारासमोरच्या पॅसेजमध्ये रोज वीस फेऱ्या,” नणंद म्हणाली. “मग मी येत नाही.”

“पाच.”

“आई, भाजी घेत नाहीयेस.”

“सहा. आणि साखर माझी मी घालणार.”

“बारा. साखरेत मी पडत नाही.”

बारावर ठरलं. सासूबाईंनी डोळे बारीक केले. “आणि तू त्या डब्यातून मोजत बसणार.”

“नाही मोजणार. कॅमेरा मी माझ्या खात्यातून काढून टाकते. भाच्याने त्याच्या फोनला जोडायचा तेव्हा जोडू दे. आणि तसाही तुमच्याकडे कॅमेऱ्याने काय होणार, टोपी घालाल.” ती थांबली. “नुसता शब्द दे. मी विचारणार नाही.”

“दिला,” सासूबाई म्हणाल्या. जरा जास्तच पटकन म्हणाल्या, असं मला वाटलं.

फोनमधली आमची चौकट गेली. कपाटावरचा दिवा विझला. वरच्या चौकटीत नणंद उठून झारी शोधायला लागली होती. मी ॲप बंद केलं. दुसऱ्याच्या घरात बघत बसणं बरं नाही.

एक वाजता मुलाला कॅमेरा दिसला नाही, तेव्हा त्याने फोन केला. मी त्याला अथपासून इतिपर्यंत सांगितलं, मान कुणी फिरवली तेसुद्धा. तो इतका हसला की त्याची जेवणाची सुट्टी त्यातच गेली. “मग आत्या येतेय का?” “नाही.” “बरं, रविवारी येतो मी. तोवर कुणीही कशालाही हात लावू नका.” सासूबाईंनी फोनला पाठ दाखवली.

जेवणं झाली. त्या नेहमीसारख्या खुर्चीत बसून विणत होत्या, मग डुलक्या काढत होत्या, मग पुन्हा विणत होत्या. फेऱ्यांचं नाव नव्हतं. मीही काढलं नाही. शब्द त्यांचा होता.

साडेचारला मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होते. बैठकीत सुया एकमेकींवर ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची करकरली, बराच वेळ करकरली. मी गॅस बारीक केला आणि दाराच्या फटीतून पाहिलं. सासूबाई उभ्या राहून एका हाताने भिंत धरून सपाता पायांत सरकवत होत्या. डावी गेली, उजवी उलटी होती, ती त्यांनी पायाच्या बोटाने सुलटी केली. काठी घेतली. कडी उघडताना आवाज होऊ नये म्हणून ती पदरात धरली आणि पॅसेजमध्ये निघाल्या.