दादूनं बुजवलेली फट

अनंताची एक खोड गोदूबाईला भारी टोचायची. मुंबईच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकायला लागल्यापासून पोरगा घरात बोलेनासाच झाला होता. काही विचारलं, की ‘तुम्हांला न्हाय कळायचं’ म्हणून तोंड फिरवायचा. परवा आला तो घासलेट भरलेली बरणी घेऊन. तळाशी साबणाच्या वडीएवढं करडं ढेकूळ. फळीवर ठेवली, कुणाशी चकार शब्द नाही.

आज दुपारी फळी रिकामी दिसली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ह्यांनी नेली," थोरल्या दादूची बायको केसर म्हणाली. "होडीच्या बुडाला फट पडलीय ना. म्हनले, भावानं मुंबैची मऊ राळ आनलीय, तेलातली."

अनंता किनाऱ्याकडे धावत सुटला. लुगड्याचा ओचा आवळून गोदूबाई मागोमाग. भरती चढू लागली होती.

"काय हाय रं त्यात?"

"सोडियम, आये! त्याच्या अणूत इलेक्ट्रॉनांची आतली दोन कडी भरलेली. बाहेरच्या कड्यात मात्र एकटाच. तो लगेच सुटतो. पाणी भेटलं की अणू तो देऊन टाकतो, आणि आग होते. म्हणून घासलेटात बुडवायचं."

"दाराबाहेर एकटा बसलेला, कुनीबी हाक मारली की जायाचाच!" गोदूबाईला धाप लागली. "येवढं सोपं, तर परवा तोंड शिवलं व्हतं व्हय, मेल्या?"

पाणी होडीच्या बुडाला टेकायला आलं होतं. आत वाकलेला दादू त्यांना बघून हसला.

"आये, बघ कशी बसलीय! सुरीनं दाबून भरली, वर कापूस. थेंब न्हाय यायचा आत."

"दादू, उडी टाक!"

"का गं?"

एक लाट आली. बुडाखाली तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखं चरचरलं. कापसातून पिवळा जाळ उठला, आणि धडाका असा झाला की दोन फळ्या उडून वाळूत पडल्या. दादू पाण्यात फेकला गेला. बाहेर आला तो डाव्या डोळ्यावर पंजा दाबून. बोटांमधून दिसणारी कातडी पांढरी पडली होती.

गोदूबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, डोळ्यावर ओंजळीओंजळीनं पाणी ओतत राहिली. अनंता गुडघाभर पाण्यात थिजून उभा.

"आये, त्यानं न विचारता..."

"गप! त्या ढेकळानं आपला गुन दाखवला, त्याला बोल न्हाय. दादूला ठावं नव्हतं, त्यालाबी न्हाय. ठावं व्हतं तुला एकट्याला. भावाचा डोळा तू फोडलास, अनंता."