तपासणीपुरती साडी

फुलंब्रीजवळच्या बागायतदार तात्यासाहेबांच्या शेडनेटमध्ये, मिरचीच्या बियाण्याच्या प्लॉटवर, त्या सकाळी दीपमाला आपल्या बारा वर्षांच्या सोनियाला साडी नेसवत होती. सण नव्हता, लग्नही नव्हतं. बियाणं कंपनीचा तपासनीस यायचा होता. प्लॉटवर अठराच्या आतलं कुणी नको, असं कंपनीचं म्हणणं. आता मिरचीची मिटलेली कळी चिमट्यानं उघडून आतले पुंकेसर काढायचे, मग तिला दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, हे कुणाच्या बोटांना जमतं ते काय कंपनीला ठाऊक नाही? चांगलं ठाऊक आहे! पण कागद स्वच्छ पाहिजे.

दीपमालाही दहाव्या वर्षापासून हेच करत आलेली. आता तिला जवळचं धड दिसत नाही, दहातल्या चार कळ्या मोडतात. पोरगी येणार असेल तरच तू ये, असं तात्यासाहेबांनी हंगामाच्या तोंडावरच बजावलं होतं. नवरा अंथरुणाला खिळलेला. सहावीतल्या पोरीची शाळा सुटली. आईचं मन खात होतं, पण करते काय?

तपासनीस अभयनं वय विचारलं. गळ्यात खोटी पोत घातलेल्या सोनियानं शिकवल्याप्रमाणं एकोणीस सांगितलं, लग्न औंदाच झालं म्हणाली. त्यानं तिच्याकडं एकदा पाहिलं, मग कागदाकडंच पाहत लिहून घेतलं. दीपमालाचा जीव भांड्यात पडला.

अभय गाडीकडं वळला तसे तात्यासाहेब खुशीत आले. "साडीत लई शोभती गं पोरगी. दरवेळी सोंग कशाला? आपल्या सालगड्याचा भाचा हाये, चोवीस वर्षांचा. लगीन उरकून टाकू. जोडीनं कामाला येतील, वय कुणी इचारायचं नाय."

दीपमालाच्या पायाखालची जमीन सरकली. पोरीला नवरी करून उभं केलं ते आपणच, हे तिच्या काळजाला झोंबलं. ती तशीच गाडीकडं धावली.

"साहेब, ती बारा वर्षांची हाये. मिरचीच्या ह्या नऊ वळी तिच्या हातच्या हायेत. तसं लिहा."

लिहिलं तर प्लॉट बंद होईल, वीस बायांचं काम जाईल, असं अभयनं हळूच समजावलं. कंपनी दुसऱ्या गावात जाईल. "तिथंही पोरीच असतील, ताई."

"आसतील. त्यांच्या आया तिथं हायेत. हिची इथं हाये. लिहा."

आमच्या पोटावर कशाला पाय देतीस, असं मागून एक बाई म्हणाली. दीपमालाला तिचा राग आला नाही. अभय लिहीपर्यंत ती हलली नाही. मग तिनं खाली सही केली आणि लेकीला घेऊन निघाली.

आज सोनिया वर्गात आहे. दीपमाला रोज मजुरांच्या नाक्यावर उभी राहते आणि कमी दिसणाऱ्या बाईला कुणी नेत नाही. तात्यासाहेबांचा प्लॉट बंद झाला, बायका तिच्याशी बोलत नाहीत. पलीकडच्या गावात कंपनीचं नवं शेडनेट उभं राहिलंय. वाचकहो, तिच्याजवळ गमावायला तेवढं एकच काम होतं, ते तिनं गमावलं. मिरची तर आपल्याही ताटात रोज असते. आपण काय गमावलं?