चित्रं रामला, अक्षरं मनिषाला

मी पुस्तक बोलतोय. आता मला पुस्तक म्हणावं की नाही, याबद्दल माझाच गोंधळ आहे. पानावर वर मोठं चित्र, खाली एक ओळ, असा मी जन्मलो आणि धारूरजवळच्या एका शाळेत दुसरीच्या वर्गात आलो.

वर्षाराणी बाईंची तऱ्हाच वेगळी. चित्र दाखवायच्या, की लगेच मला मिटायच्या. मग प्रत्येक अक्षराला एक टाळी. "ब, क, री! पहिला आवाज कोणता?" पोरं ओरडायची, "ब!" मिटूनच ठेवायचं तर मला आणलं कशाला? 'आहे', 'माझी' असले शब्द त्या रोज फळ्यावर लिहायच्या, नजरेत बसावेत म्हणून. त्या शब्दांना तर चित्रच नाही! मला काही कळेना.

वर्गातली मनिषा मला घडाघडा वाचायची. पण 'ही बकरी माझी आहे' या ओळीवर बोट ठेवून म्हणायची, "ही शेळी हाय!"

"मने, तू चित्रं वाचतीस," बाई म्हणाल्या. दिवाळीनंतर तिचे आईबाप ऊसतोडीला निघाले, तेव्हा बाईंनी मला तिच्या पिशवीत घातलं. "आल्यावर वाचून दाखव. न्हाई आलं तर पहिलीच्या पोरांत बसावं लागंल." मनिषाचं तोंड एवढंसं झालं.

साखर कारखान्यावर, उसाच्या वाळल्या पाल्याच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ती आणि धाकटा भाऊ राम माझ्यावरून रोज भांडायची. एकदा उसाच्या फडातून दमून आलेल्या भामाबाईने, त्यांच्या आईने, कोयता घेतला आणि माझं प्रत्येक पान मधोमध आडवं कापलं.

"चित्रं रामला, अक्षरं तुला. आता भांडू नगा!"

हसावं की रडावं, मला समजेना. मनिषा मात्र ढसाढसा रडली.

पुढे राम एकेक चित्र नाचवायचा आणि ती त्याची ओळ माझ्यात शोधायची. एकदा शेळीचं चित्र आलं. तिने टाळ्या वाजवल्या, "शे, ळी." 'शे' कुठेच सापडेना. बराच वेळ ती पानं उलटत राहिली. मग बाईंसारख्या टाळ्या वाजवल्या, "ब, क, री." बोट एका ओळीवर थांबलं.

शाळेत परतल्यावर बाईंनी मला उघडलं. "अगं, चित्रं कुठायत?"

मनिषा घाबरली. खाली मान घालून तिने ओळीवर बोट ठेवलं. "ही... बकरी... माझी... आहे."

या वेळी बाईंनी मला मिटलं नाही. "पुढचं वाच," म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. पोरगी वाचतेय, मग रडायचं कशाला?

आता मी वर्गाच्या खिडकीत अर्धाच पडून असतो. माझ्यातलं पुस्तक कोणतं, गेलेलं की उरलेलं, ते मला अजून उमगलेलं नाही. तरी एक मागणं आहे. राम शाळेत येईपर्यंत मला रद्दीत घालू नका. त्याला नुसती चित्रं मिळालीत, अक्षरं अजून मिळायची आहेत.