खुर्चीला आलेला गुण

थोरल्या मुलाचं वागणं माईंना मुळीच पटलं नव्हतं. निम्मी गल्ली चिखलाचे पाय न पुसता पुढच्या खोलीत शिरलेली, आणि हा घरचा कर्ता एका काकडीपुढे हात जोडून उभा!

खुर्चीत त्याची बायको, माईंची सून, बसली होती. पाय सुजून टम्म. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. "मूत्रपिंडं थकली आहेत, गोळ्या चुकवू नका, मीठ कमीत कमी," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. थोरल्याने गोळ्या फडताळात टाकल्या आणि मंत्राने रोग उतरवणाऱ्या एका महाराजाला घरी आणलं. त्याने येताक्षणी फर्मावलं, "पथ्य कसलं? हवं ते खाऊ द्या!"

आता महाराजाने सुनेच्या पायांवर काकडीच्या चकत्या मांडल्या, वर करडी राख भुरभुरली आणि डोळे मिटून तो पुटपुटायला लागला. हळूहळू चकत्यांना घाम फुटला. आधी थेंब, मग ओघळ.

"गुण आला!" गल्ली ओरडली.

"रोगाचं पाणी सुटतंय," महाराज म्हणाला. "काकडीने अंगावर घेतलं. बघा, मान टाकली बिचारीने!"

"आई, बघितलंस?" थोरला गहिवरला.

माई सुनेकडे बघत होत्या. धाप तिला धड बोलू देत नव्हती. त्यांनी पायावरची राख बोटाने उचलून जिभेला लावली.

"महाराज, राख बरीच खारट आहे हो तुमची."

स्वयंपाकघरातून त्या काकडी आणि मिठाचा डबा घेऊन आल्या. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर दोन चकत्या ठेवल्या, एकीवर मीठ चोळलं. "थांबा सगळे. कुणी जायचं नाही."

मिठाच्या चकतीखाली ओघळ आला. दुसरी होती तशीच.

"काय हो महाराज, या खुर्चीला कधीपासून सूज?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"त्या... त्या खुर्चीवर कुणी रोगी बसला असेल."

"मग पुढची चकती तुमच्या टाळक्यावर ठेवू?"

महाराजाने झोळी आवरली.

माईंनी आधीच निरोप धाडून बोलावलेल्या डॉक्टरीणबाई आल्या. सुनेला तपासता तपासता म्हणाल्या, "काकडीत पाण्याने भरलेल्या बारीक बारीक पिशव्या असतात. त्यांच्या पडद्यातून पाणी सहज जातं, मीठ तसं जात नाही. बाहेर खारट झालं की आतलं पाणी तिकडे ओढलं जातं, चकती मऊ पडते. पायातला थेंबही निघालेला नाही. उलट अंगात साठलेलं मीठ पाणी धरून ठेवतं. चला, दवाखान्यात. उशीर झालाय, किती, ते आत्ता सांगता येणार नाही."

सुनेला गाडीत बसवताना थोरला रडायला लागला. "आई, मला वाटलं..."

"काकडीचं पाणी गल्लीला दाखवलंस, बायकोच्या अंगात चढलेलं तुला दिसलं नाही," माई म्हणाल्या. "यापुढे कुणी चमत्कार दाखवला, तर आधी रिकाम्या खुर्चीवर करून बघायचा. खुर्चीलाही गुण आला, तर समज, रोग तुझ्या डोक्यात आहे."