नवागामात आलेला उनपदेव

पहाटे साडेपाचलाच सुरतेतल्या नवागामच्या गल्लीत बादल्यांची रांग लागली होती. तप्तनाथ महाराजांच्या भिंतीतल्या तोटीतून कढत पाणी येत होतं, आणि महाराजांच्या घरात ना चूल, ना गॅस, ना गिझर. रांगेतले बहुतेक खानदेशातले. गावाकडच्या उनपदेवाच्या गरम झऱ्यावर सगळ्यांनीच कधी ना कधी अंग धुतलेलं.

"उनपदेव तुमच्यामागे सुरतेला आलाय," महाराज म्हणाले. "शंकेखोराला चटका, भक्ताला गारवा!"

देवाच्या बदलीची ऑर्डर बहुधा महाराजांच्याच सहीनं निघाली असावी.

सुषमा सासऱ्यांचा, हिलालआबांचा, दंड धरून उभी होती. दीड वर्षापूर्वी नवरा गेला, तेव्हापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. इच्छापोरच्या कारखान्यात ती सोलर हीटरच्या टाक्यांमध्ये फोम भरायची. घरासाठी शंभर लिटरची टाकी तिनं निवडली, फिटरही ठरवला. "देवनं पानी शे ना," देवाचं पाणी असताना टाकी कशाला, म्हणून आबांनी मोडता घातला. तिनं वाद घातला नाही.

आबांनी घमेल्यात पाय बुडवले. आज चौथा दिवस.

"माले चटका काहीच लागत नही," ते म्हणाले.

"बघा, हा खरा भक्त," महाराज म्हणाले. लोकांनी हात जोडले. आबांनी पाय वर घेतला, तेव्हा टाचेची कातडी पाण्यातच राहिली. आबा हसत होते.

सुषमानं घमेल्यात बोट घातलं आणि झटकन मागे घेतलं. मग ती कोणाला न विचारता गच्चीवर गेली. भगव्या कापडाखाली टाकी होती, तिला जोडलेल्या काळ्या नळ्या तेवढ्या उघड्या होत्या. तिच्या कडेच्या भोकातून पिवळा फोम फुगून बाहेर आला होता. असाच फोम ती रोज सुरीनं खरवडून काढायची.

"छायाताई, सगळ्यांना घेऊन वर या," तिनं शेजारणीला हाक मारली.

लोक आल्यावर तिनं सपाट आवाजात सांगितलं, "एका डब्यात दुसरा डबा असतो. मध्ये हा फोम. दिवसा या काळ्या नळ्यांत उन्हानं पाणी तापतं, टाकीत चढतं, आणि फोममुळे सकाळपर्यंत गरम राहतं. थर्मासातल्या चहासारखं."

"यंत्रातही देव असतो, बाई," महाराज म्हणाले.

"असेल. आबांचे पाय शुगरनं बधिर झालेत. भाजलं ते त्यांना कळलंच नाही."

महाराज जिन्याकडे बघायला लागले.

जखम चिघळली. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी आबांचा डावा पाय घोट्याच्या वर कापला. शुद्धीवर आल्यावर ते म्हणाले, "देवनी माले कसाले भाजं?"

"देवानं नाही, आबा. मी रोज तसल्या टाक्या भरते, आणि चार दिवस गच्चीवर चढून पाहिलं नाही." एवढं बोलून सुषमा रडली. नवऱ्याच्या वेळीही ती रडली नव्हती.

आता ती गल्लीत भेटेल त्याला सांगते: चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी पाणी कशानं तापलं ते विचारा. आणि भाजत नाही असं कोणी म्हणालं, तर त्याला आधी डॉक्टरकडे न्या.