गोठलेला आकडा

कॅम्प एक भागातल्या नर्सिंग होममध्ये अंजनाबाईंचा श्वास कोंडत होता आणि शेजारचा मॉनिटर मात्र ऑक्सिजन शहाण्णव दाखवत होता. आकडा मघाशीच गोठला होता. त्यांचे यजमान दौलतराव ओरडले, "सिस्टर, हिचे ओठ बघा, काळे पडलेत!" म्हणून त्या वाचल्या.

मशीन अंबरनाथच्या एका छोट्या कंपनीचं. दुसऱ्या दिवशी तिथले इंजिनीअर स्वप्नाली आणि अल्पेश ते न्यायला आले. स्क्रीनचा प्रोग्राम अल्पेशचा, म्हणून चूक त्याचीच असं सगळ्यांनी धरलं होतं, त्यानेसुद्धा. त्याने दौलतरावांपुढे हात जोडले. "काका, माझ्याकडून काहीतरी राहिलं. सॉरी." दौलतरावांनी तोंड फिरवलं. स्वप्नाली खाली मान घालून केबल गुंडाळत राहिली.

तिला वेगळाच संशय होता. मशीनचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ती सांभाळायची. एखादा प्रोग्राम मेमरी मागून ताटकळला की कर्नल तसा इशारा द्यायचा. पण मेमरी आटली की सगळेच ताटकळत, इशाऱ्यांची रीघ लागे आणि ते नोंदवण्यातच मशीन अडकून पडे. मशीन पोचवायच्या घाईत तिने कुणाला न विचारता इशाराच काढून टाकला होता. मग आकडा गोठला तरी कुणाला कळणार कसं?

त्याच रात्री कात्रपच्या आपल्या घरी मशीन नेऊन तिने त्याची मेमरी मुद्दाम भरली आणि इशारा परत चालू केला. अल्पेशचा प्रोग्राम नुसता मेमरीची वाट बघत उभा होता. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मग तिने एक वेगळा पहारेकरी प्रोग्राम लिहिला. त्याच्यासाठी मेमरी आधीच राखून ठेवली. कोण कधीपासून अडकलंय ते तो बघे, एकदाच सांगे आणि मॉनिटरचा भोंगा वाजवे. काम जमलं.

सकाळी ऑफिसात तिने सगळ्यांसमोर खरं सांगितलं. अल्पेश एवढंच म्हणाला, "मी हात जोडले तेव्हा तू बाजूलाच होतीस ना?"

"घाबरले रे."

तो स्क्रीनकडे वळला.

संध्याकाळी ती एकटीच नर्सिंग होमला गेली. दौलतराव बायकोला पेज भरवत होते.

"काका, काल ज्याने माफी मागितली, त्या मुलाची चूक नव्हती. माझी होती."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "मग काल गप का बसलात?"

अंजनाबाईंनी हातानेच स्टूल दाखवून तिला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली.