सुनेचा प्रबंध आणि आक्कांचं कुलूप

प्रबंध सगळ्यांना वाचू द्यायचा की बंद ठेवायचा, या वादात त्या घरातला चहा सकाळपासून दोनदा गार झाला होता.

सून शाळेत शिकवायची. अडखळत बोलणाऱ्या मुलांना बोलतं कसं करावं, यावर तिनं प्रबंध लिहिला, तो पास झाला, घरभर आनंदीआनंद! आता तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्यायचा होता. तिचे सर म्हणाले होते, "तीन वर्षं बंद ठेवा, तोवर पुस्तक काढा." सुनेचं मन डळमळत होतं.

सासूबाईंचं मात्र पक्कं होतं. त्यांना सगळे आक्का म्हणत. शिवणाच्या दुकानावर संसार उभा केलेल्या, शाळा जेमतेम, जीभ मात्र कात्रीसारखी.

"बंद! झोपमोड आपण करायची आणि कुणी सोम्यागोम्यानं आयतं उचलून मिरवायचं? ब्लाउजच्या गळ्याचा माझा कागदी साचा मी शेजारणीला अजून दाखवलेला नाही!"

सून घोळ घालील म्हणून आक्का जातीनं तिच्याबरोबर ग्रंथालयात गेल्या. बरोबर नातही होती. पूर्वी एक शब्द काढताना पोरीचा जीव कासावीस व्हायचा. आता तोंड मिटत नाही म्हणून तिचं नाव पडलं टिटवी.

"बंद ठेवा," आक्कांनी टेबलावर हात आपटला.

ग्रंथपालबाईंनी चष्मा वर केला. "आत कुणाचं खाजगी काही आहे का? मुलांची नावं?"

"नावं बदललीत," सून म्हणाली. "आईवडिलांची परवानगीही घेतलीय."

"मग भीती कसली?"

"चोरीची!" आक्का म्हणाल्या.

"अहो आजी, उघड्या प्रबंधावर लिहिणाऱ्याचं नाव असतं, तारीख असते. चोर चारचौघांत सापडतो. बंद कपाटातलं कुणी पाहिलेलंच नसतं, तिथली चोरी ओळखणार कोण?"

आक्का चपापल्या, पण माघार घेतील तर त्या आक्का कसल्या! "आजी कुणाला म्हणतेस गं? दुकान चालवते मी अजून!"

टिटवी खुदकन हसली. सून मात्र हळूच म्हणाली, "आई, टिटवी अडखळायची तेव्हा मी इथंच बसून एक प्रबंध वाचला होता. कुठल्या लांबच्या देशातल्या बाईचा. लेकराचा अडलेला शब्द आपण पुरा करू नये, थांबावं, हे मी त्यातच शिकले."

आक्कांनी नातीकडे पाहिलं. त्याआधी नातीचे शब्द त्याच पुरे करायच्या. पोरीनं "पा..." म्हणायचा अवकाश, की पाण्याचा पेला पुढे! आणि पोरीला हवी असायची पाटी.

"त्या बाईनं कुलूप लावलं नव्हतं?"

"लावलं असतं, तर टिटवी आजही पेलाभर पाणी पीत बसली असती."

"मी सांगू? मी सांगू?" टिटवी टाचा उंचावून टेबलापाशी आली. पण एवढी मोठी माणसं बघून तिचा शब्द अडला. "उ... उ..."

आक्कांच्या जिभेवर शब्द तयार होता. त्यांनी ओठ घट्ट आवळले. सून थांबली. ग्रंथपालबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"...उघडा ठेवा!"

"ऐकलंत ना? उघडा! आजपासून! लिहा!" आक्का गरजल्या. सून हसता हसता रडली आणि तिनं सही ठोकली.

घरी जाताना आक्कांनी अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. "आमच्या सुनेचा प्रबंध! वाचा, फुकट आहे! चोराल तर तारखेसकट पकडीन!" मग शेजारणीच्या दारात थांबल्या. "ये गं, तो गळ्याचा साचा घेऊन जा. नाव मात्र माझंच सांगायचं हं!"

मंडळी, कुणाचं खाजगी राखायचं असेल तर कुलूप जरूर लावा. पण आपल्याला जे उमगलं, ते कोंडून ठेवू नका. कुठल्याशा घरात एखादं लेकरू पहिल्याच अक्षरावर अडून बसलेलं असतं. त्याला तीन वर्षं थांबायला सांगणारे आपण कोण?